आजीच्या गुटीच्या डब्यातल्या तीन वस्तू ओळखायला मदत हवी (हरिपूर, सांगली)

संगमकाठ:

मागच्या महिन्यात हरिपूरचं घर रिकामं केलं. २०१९ च्या पुराची ओल माजघराच्या भिंतीत शिरली ती निघालीच नाही, आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईला तिथं एकटं ठेवायला जीव होईना. तिला सांगलीत आमच्याकडे आणलं. पाटा-वरवंटा, जातं, सहाण असं सगळं दगडी सामान भावाकडे विट्याला गेलं. फडताळातल्या वरच्या कप्प्यातला पत्र्याचा डबा तेवढा मी मागून घेतला.

हा आजीचा गुटीचा डबा. आजी जाऊन एकतीस वर्षं झाली, पण झाकण उघडल्याबरोबर डिकेमालीचा तो उग्र वास आला. लहानपणी हा वास आला की मी न्हाणीघरात लपायचे.

डब्याला दोन मजले आहेत. वर एक पितळी ताटली बसवलेली, तिच्यात औषधं. ताटली उचलली की खाली खडीसाखर, तासगावचे बेदाणे, कधी आल्याच्या वड्या, संक्रांतीनंतर उरलेला हलवा. वरचं पोटात गेल्याशिवाय खालचं हातात पडायचं नाही, हा नियम आजोबांनाही होता. सुंठेची चव जिभेवर आली की मागोमाग बेदाण्याची येते, ती याच डब्यामुळे. मला या दोन चवी अजून वेगळ्या करता येत नाहीत.

धाकट्या भावाच्या वेळी आजीला गुटी उगाळताना मी रोज बघायचे. बाळाची अंघोळ झाली की शेगडीत ओवा आणि लसणाच्या सालींची धुरी, मग सहाणेवर उकळून गार केलेलं पाणी, आणि आजी वेढे मोजायला लागायची. बाळहिरड्याचे तीन, मुरुडशेंगेचे दोन, सुंठेचा एक, जायफळाचा अर्धा. पोट साफ नसेल तर हिरड्याला एक वाढवून, जुलाब होत असतील तर हिरडा बंद आणि जायफळ पुरं. मोजताना मध्ये कुणी बोललं तर नुसता हात वर करायची. मोजणी चुकली की सहाण धुऊन पुन्हा पहिल्यापासून.

बाळहिरडा, बेहडा, मुरुडशेंग, सुंठ, वेखंड, हळकुंड, जायफळ, ज्येष्ठमध, काकडशिंगी, सागरगोटा, डिकेमाली, रक्तचंदन, सांबरशिंगाचा तुकडा एवढं मला ओळखता आलं. अडले ते तीन ठिकाणी. फोटो चढवले आहेत, पण दिव्याखाली काढल्याने रंग नीट आले नाहीत, म्हणून वर्णनही देते.

१) छोट्या बोराएवढी गोल, करडी, टणक गोळी. वर बारीक उंचवटे. एका बाजूला दाभणाने पाडल्यासारखं भोक.

२) कागदाच्या पुडीत मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या, काळ्या सात गोळ्या.

३) अंगठ्याएवढा मातकट तुकडा, वर आडव्या वळ्या, वजनाला चांगला. एक टोक उगाळून उगाळून सपाट झालंय, म्हणजे आजी हा बराच वापरत असणार. वास काहीही नाही.

आईची दृष्टी अधू झाली आहे. हातात दिलं तर म्हणाली, "काहीतरी मूळ आहे."

खलबत्ता:

साताऱ्यात आमचं काष्ठौषधीचं दुकान होतं, वडिलांनंतर बंद केलं. माझं लहानपण त्या पोत्यांमध्ये गेलं, त्यामुळे हा धागा माझ्यासाठी फार जवळचा आहे.

क्रमांक १ मायफळ. फळ म्हणतात पण ते फळ नव्हे. ओकच्या झाडाच्या डहाळीत एक लहान माशी अंडी घालते आणि झाड तिथं गाठ धरतं, ती ही गाठ. तुम्हाला दिसलेलं भोक म्हणजे आतल्या अळीची माशी होऊन ती बाहेर पडली ती वाट. तुमच्या यादीतली काकडशिंगीही तशीच, किडीमुळे झाडावर आलेली पोकळ गाठ. वडील बिनभोकाचं मायफळ निवडून वेगळं ठेवायचे, त्याला भाव जास्त. तुरट असल्याने जुलाबावर आणि दातांच्या हिरड्यांवर चालायचं.

क्रमांक ३ बद्दल फोटोवरून सांगणार नाही. कचोरा असता तर चकत्या कापलेल्या असत्या. अतिविष इतकं जाड नसतं आणि मोडलं की आतून पांढरंशुभ्र निघतं. एक कळकळीची विनंती, चाखून बघू नका. अतिविषाच्याच कुळात बचनाग आहे आणि तो जहाल विषारी. आमच्याकडे बचनागाची बरणी कुलपात असायची आणि मापायला वेगळा तराजू.

गुटीचा पुडा घ्यायला जावळी, मेढ्याकडून बायका यायच्या. बऱ्याच जणी स्वतःच हिरडा गोळा करून आणायच्या, तो आम्ही विकत घ्यायचो आणि त्या बदल्यात बाकीच्या वस्तू न्यायच्या. पैसे फारसे हलायचे नाहीत.

पोवईनाका:

दोन मजल्यांचा डबा वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्याकडे साताऱ्यात डबा नव्हता, पण हिशोब तोच होता.

महिन्यातून एक रविवार एरंडेलाचा. आदल्या रात्री जेवण हलकं, आणि आम्हा चौघा भावंडांना ते लगेच कळायचं. आमटीऐवजी ताटात मेतकूट-भात आला की धाकटी रडायला सुरुवात करायची. पहाटे आई आल्याचा कडक, बिनदुधाचा चहा करायची आणि त्यात एरंडेल ओतायची. तेल वर तरंगायचं. बशीत घेऊन प्यायचं नाही, कपानेच, एका दमात. वडील दाराशी उभे. नाक दाबायची परवानगी होती, थुंकायची नव्हती.

दहा वाजेपर्यंत जे व्हायचं ते व्हायचं. मग दिवसभर मऊ भात, वर लिंबाचं जुनं लोणचं. आणि संध्याकाळी वडील राजवाड्याकडे फिरायला न्यायचे आणि येताना कंदी पेढे. एकेकाला एकच, पण केवढं अप्रूप! खवा लालसर होईपर्यंत भाजलेला असतो, त्यामुळे त्याला एक खरपूस चव असते आणि तो टिकतोही. मी तो पेढा खिशात ठेवून रात्री अंथरुणात पुरवून पुरवून खायचो. रिकाम्या पोटाला दिवसभराने मिळालेला तो गोड घास मला अजून आठवतो. साताऱ्याचा पेढा आता मुंबईत घराखाली मिळतो, पण घेववत नाही.

आल्यावरून आठवलं. कोरेगावकडचं सातारी आलं घरात पोत्याने यायचं आणि थंडीत आई आलेपाक करायची. वडीत आल्याचे तंतू राहिले पाहिजेत असा तिचा आग्रह होता. तंतू चावले तरच खोकला सुटतो म्हणायची.

माणदेशी_माती:

आमच्या माणात गुटी न्हाई न् पेढा न्हाई. आमच्याकडं माडगं.

हुलगं खापरात भाजायचं, जात्यावर भरडून पाखडायचं, मग दळायचं. उकळत्या पाण्यात लसूण-जिरं ठेचून टाकायचं, मीठ, आन् पीठ पाण्यात कालवून वरनं सोडायचं. ढवळत ऱ्हायचं. लहान पोरांस्नी गूळ-सुंठ घालून येगळं. सर्दी असू दे, अंग मोडून आलेलं असू दे, बाळंतीण असू दे, पावसात भिजून आलेला गडी असू दे, आमची आय वाडगं भरून माडगं हातात द्यायची. पिऊन घोंगडं पांघरायचं. घाम सुटला की ताप उतरला.

औषध कुठलं आन् जेवण कुठलं ह्यो फरक आमच्याकडं नव्हता, कारण कवाकवा घरात हुलग्याबिगार दुसरं काय नसायचंच. ७२ च्या दुष्काळात मी दुसरीला होतो. आय खडी फोडायला जायची आन् आमाला सुकडी मिळायची, म्हंजी दुष्काळात वाटायचा कोरडा खाऊ. खाकी चड्डीचे दोनी खिसे सुकडीनं भरायचे. लोक म्हणत्यात, लहानपणीचा खाऊ कुठला, तर माझा ह्यो. म्या त्या चवीला कधी नाव ठिवलं न्हाई आन् ठिवणार न्हाई.

खरचाटलं तर दगडी पाला चोळून रस पिळायचा. झणझणायचं, पण रक्त थांबायचं. तो पाला आजबी बांधाला हाय.

तंबोरा:

मी मिरजेत बालरोगतज्ज्ञ आहे. आठवणींच्या ओघात हे लिहिणं बरं वाटत नाही, पण क्रमांक २ बद्दल लगेच सांगायला हवं. त्या सात गोळ्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा. आत काय आहे हे तपासल्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही, पण तुमच्या वर्णनावरून मला बाळागोळीची शंका येते.

बाळागोळी म्हणजे बाळाला झोपवायची गोळी, आणि जुन्या बाळागोळ्यांमध्ये अफू असायची. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्याला अफू देऊन जात, याच्या नोंदी ब्रिटिशांच्या काळापासून आहेत. दहा-बारा तासांची पाळी, बाळाला बघायला घरात कुणी नाही, रडलं तर शेजारणींची कटकट. गोळी दिली की बाळ संध्याकाळपर्यंत निपचित. अफूने श्वास मंदावतो आणि तान्ह्या बाळाचा श्वास थांबायला फार थोडी अफू लागते. भूक लागत नाही, मूल वाढत नाही, आणि गोळी चुकली की ते आकांत करतं. मग पुन्हा गोळी.

आपल्याकडे मिरजेत विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं रुग्णालय उभं केलं, पंचक्रोशीतून बैलगाड्या करून लोक येत. पण रुग्णालय जवळ असलं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून तिथं जाता येतंच असं नाही. माझ्याकडे आजही जी आई मूल फार उशिरा आणते, ती बहुतेक वेळा कामावरून सुटी न मिळालेली असते.

गुटीबद्दलही लिहून टाकतो. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको, वरचं पाणीही नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातून तान्ह्यांना होणारा एक विषार जीवघेणा ठरू शकतो. सहाण कितीही धुतली तरी तिच्या दगडात ओल आणि जंतू राहतात. तुमच्या आजींनी पाणी उकळून घेतलं, वेढे मोजले, चुकल्यावर सहाण धुतली, हे त्या काळात मोठंच होतं. आजच्या आईने मात्र हे करू नये असंच मी सांगेन.

संगमकाठ:

तंबोरा, गोळ्या सकाळीच कपाटात कुलपात ठेवल्या. पुढे काय करायचं ते कळवा.

तुमचा प्रतिसाद वाचल्यापासून काल दिवसभर मी दुसरं काही करू शकले नाही. आजी लग्न होऊन आली तेव्हा घरची जमीन गहाण होती. ती हळदीच्या वखारीत निवडायला जायची. हळकुंडं वेगळी, गड्डे वेगळे, कणी वेगळी. दिवसभर पिवळ्या धुळीत बसायचं. तिच्या नखांच्या कडा मरेपर्यंत पिवळ्या होत्या, मला वाटायचं आजींची नखं तशीच असतात. थोरला काका तेव्हा तान्हा, वखारीच्या ओट्यावर झोळीत.

काकाबद्दल घरात एक वाक्य कायम बोललं जायचं. "फार गुणी बाळ होतं, दिवसभर झोपायचं, कधी रडणं म्हणून नाही." मी हे पन्नास वर्षं कौतुकाने ऐकत आले. काका चांगला पंच्याहत्तरी ओलांडून गेला, त्याला काही झालं नाही. पण काल रात्री आईने पुन्हा हेच वाक्य म्हटलं आणि मी उठून गच्चीवर गेले.

माणदेशी_माती:

ताई, आजीला बोल लावू नगा. पोरगं झोळीत आन् हात कामात, दुसऱ्या कुणी तिला काय दिलं होतं का? आमची आय खडीवर जाताना धाकट्या भनीला माझ्या कमरंला देऊन जायची. मी सात वर्साचा होतो. माझी शाळा त्यात गेली. तिच्याकडं गोळी न्हवती, म्या होतो.

वाईची_वाट:

माणदेशी, हे वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

मी धाग्यात दुसरी बाजू लिहिते. माझ्या डाव्या पोटरीवर एक डाग आहे, रुपयाएवढा. पाचवीत असताना गुडघा धरला म्हणून गावातल्या एका जाणत्या बाईंनी बिब्ब्याचं तेल तापवून फुल्या दिल्या. त्यातली एक ओघळून पोटरीवर उतरली. दुसऱ्या दिवशी पायभर फोड, मग ताप, अंगभर खाज. महिनाभर शाळा बुडाली. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं आणि काहींना त्याने फार वाईट पित्त उठतं. बाईंचा हेतू चांगला होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मला अजूनही वाटतं की कुणीतरी आधी मला विचारायला हवं होतं, दुखतंय का म्हणून. गुडघा तोवर बरा झाला होता.

त्या महिन्यात मी ओसरीवर पाय पसरून बसायची आणि दुपारी गारीगारवाला यायचा. लाकडी पेटी, सायकलच्या मागे बांधलेली, झाकण आपटल्याचा आवाज. लाल गारीगार पाच पैसे, दुधाचं दहा. वडील एरवी घेऊ देत नसत, घसा धरतो म्हणून. तो महिनाभर रोज एक घेऊन दिलं. दुधाचं.

जावळीखोरं:

संगमकाठ, एक सावधगिरीची गोष्ट. तुमच्या यादीत सांबरशिंग आहे. मुका मार, छातीतला कफ यावर उगाळून लेप देत, आमच्याही घरी होतं. सांबराची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात, त्यामुळे "जनावर मारलेलं नाही, पडलेलं शिंग आहे" असं सांगून अजून विकायला आणतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा व्यापार बंद आहे. इथे वाचून कुणी नवीन विकत घेऊ नका. पडलेलं शिंगही जंगलात वाया जात नाही, साळिंदर ते कुरतडून खातं. कोयनेच्या जंगलात दातांच्या खुणा असलेली शिंगं मी स्वतः पाहिली आहेत.

कोयनाकाठ:

कऱ्हाडकरांनी गुऱ्हाळाबद्दल लिहिलं नाही तर धागा अपुरा राहील.

आमच्याकडे खोकल्याचं औषध म्हणजे काकवी. डिसेंबरात गुऱ्हाळ लागलं की शाळा सुटल्यावर आम्ही थेट फडाकडे. चुलवाणात चिपाडं जळतायत, काहिलीत रस उकळतोय, गुळव्या रानभेंडीचा चिकट रस टाकून मळी वर आणतोय आणि झाऱ्याने काढतोय. त्या वाफेत उभं राहायला सांगायची आजी. नाक चोंदलेलं असो, छाती भरलेली असो, काहिलीच्या वाऱ्याच्या बाजूला अर्धा तास उभं केलं जायचं. अंतर ठेवून, कारण काहिलीजवळ गेलेल्या पोराला गुळव्या सरळ बांधावर बसवून यायचा. उकळत्या रसाने भाजलेलं त्याने पाहिलं होतं.

पाक झाला का बघायला तो थेंबभर पाक गार पाण्यात सोडायचा. गोळी झाली की काहील उतरायची. ती पाण्यातली गोळी रांगेतल्या पहिल्या पोराची. तिच्यासाठी आम्ही किती भांडलो! गोळी दाताला चिकटायची आणि आत कोमट असायची. काकवी त्याच्या आधीची अवस्था, ती कासांडीत घरी यायची, वर्षभर पुरायची. भाकरीबरोबर, सुंठेबरोबर, नाचणीच्या आंबिलीत.

आता आमचा सगळा ऊस कारखान्याला जातो. चुलवाणाची जागा अजून काळी आहे, तिथं गवत नीट येत नाही.

संगमकाठ:

खलबत्ता, मायफळाचं कोडं सुटलं, मनापासून आभार. आता फक्त तिसरी वस्तू उरली.

एक विचारायचं राहिलं. आजी जुलाबावर मीठ-साखर-पाणी द्यायची, त्यात लिंबू पिळून. चमच्या-चमच्याने, दर थोड्या वेळाने, आणि रात्रभर जागून. ते तरी बरोबर होतं ना?

तंबोरा:

ते अगदी बरोबर होतं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत पटकी (कॉलरा) पसरली, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, साखर आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी तोंडावाटे द्यायला लावलं. नातेवाइकांनीच पेल्याने पाजलं आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. साखरेच्या सोबतीने मीठ आणि पाणी आतड्यातून आत ओढलं जातं, त्यामुळे प्रमाण महत्त्वाचं. एक लिटर स्वच्छ पाण्याला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर धोका आहे. मेडिकलमधली पुडी मिळत असेल तर तीच घ्या.

तुमच्या आजींचं चमच्या-चमच्याने पाजणं आणि रात्रभर जागणं मी आज आयांना शिकवतो. एकदम पेला पाजला की मूल ओकतं आणि आई घाबरून थांबते.

गोळ्यांचं सांगायचं राहिलं. कचऱ्यात किंवा मोरीत टाकू नका. पुडी तशीच घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या औषधनिर्मात्यांना भेटा, काय करायचं ते त्यांना विचारा.

पेवकरी:

मी हरिपूरचाच. धागा उशिरा पाहिला. क्रमांक ३ चा फोटो मोठा करून बघितला आणि मला वाटतं हे हळदीच्या कुळातलं आहे. वळ्या बघा, हळकुंडावर असतात तशाच. पण हे हळकुंड नाही, कारण शिजवून पॉलिश केलेलं दिसत नाही. मग दोनच शक्यता. एक सोरा गड्डा, म्हणजे लागणीचा जुना मातृकंद, काढणीला तो वेगळा निघतो आणि तसाच वाळवतात. दुसरी आंबेहळद.

ओळखायची रीत सोपी आहे. सहाणेवर पाणी घालून उगाळा. गर्द पिवळं उतरलं तर सोरा गड्डा. फिकट उतरलं आणि कैरीचा वास आला तर आंबेहळद. जुना तुकडा असेल तर वास वरून येणार नाही, उगाळल्यावर आतून येईल. मिक्सर नको, सहाणच हवी.

तुमच्या आजी वखारीत होत्या म्हणालात, तर माझे आजोबा पेवात उतरायचे. संगमाजवळ आमच्या गावात जमिनीखाली पेवं होती. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली घागरीसारखं रुंद. हळद भरून तोंड बंद केलं की आत हवा राहत नाही, कीड जगत नाही, वर्षानुवर्षं हळद तशीच. उघडल्यावर मात्र लगेच उतरायचं नाही. आधी कंदील सोडायचा. विझला तर वर थांबायचं, वारं जाऊ द्यायचं, पुन्हा सोडायचा. घरी आले की आजी त्यांना तुळस-मिरीचा काढा द्यायची आणि तो पिऊन होईपर्यंत समोर बसायची. २००५ च्या पुरात कितीतरी पेवांत पाणी गेलं. आमचंही त्यातच गेलं.

अजून एक सांगतो, कारण इथं प्रत्येकाच्या गुडघ्यावर कधी ना कधी हळद दाबलेली आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं चक्क पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख, त्यांच्या पुढाकाराने त्यावर हरकत घेतली गेली. जुने ग्रंथ काढले, १९५३ चा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख काढला, आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. बातमी आली तेव्हा माझे वडील मार्केट यार्डात होते. त्यांनी घरी येऊन आजीला मोठ्याने वाचून दाखवली. आजीला पेटंट म्हणजे काय ते सांगायलाच अर्धा तास गेला, मग ती म्हणाली, "मग आता लावायला हरकत नाही ना?"

खलबत्ता:

पेवकरी, पटलं. मीही आंबेहळदीवर यायला हवं होतं. मुरगळण्यावरचा लेप आमच्याकडे आंबेहळद, रक्तचंदन आणि तुरटी असाच जायचा, आणि यांच्या डब्यात रक्तचंदन आहेच. उगाळलेलं टोक सपाट आहे म्हणजे घरात धडपडणारं कुणीतरी होतं.

संगमकाठ:

धडपडणारी मीच होते. संगमेश्वराच्या पायऱ्यांवरून पावसाळ्यात दोनदा घसरले, एकदा वडाच्या पारंबीवरून पडले. लेप आठवतो, लालसर होता आणि वाळल्यावर कातडी ओढायचा. तो काय काय उगाळून केला होता, हे मात्र कधी पाहिलं नाही, तेव्हा रडत असायचे. लेप वाळेपर्यंत हलायचं नाही, म्हणून मांडीवर बेदाण्यांची वाटी.

सहाण भावाकडे आहे. रविवारी तो आणतोय. कळवते.

पोवईनाका:

वाट बघतोय.

वाईची_वाट:

मीही.

संगमकाठ:

भाऊ काल दुपारी सहाण घेऊन आला. मधोमध खोलगट झालेली आहे, बोट फिरवलं तर कळतं. आईच्या कॉटशेजारी पाट टाकून बसले. पाणी घेतलं आणि तुकडा सपाट टोकाने धरला. तो बोटांत असा बसला, की कसा धरायचा हे विचारावं लागलं नाही. नकळत वेढे मोजायला लागले. भाऊ काहीतरी बोलला तर हात वर केला.

सात वेढ्यांनंतर उतरलं ते फिकट पिवळं. गर्द नाही. वाकून वास घेतला, मला काही आला नाही. भावालाही नाही. मला वाटलं, राहिलं, पन्नास वर्षांच्या तुकड्यात काय उरणार.

आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. कूस बदलली, डोळे न उघडता म्हणाली, "कुणाचा पाय मुरगळला?"

माझा, म्हटलं, आणि पाय कॉटवर ठेवला. तिने चाचपडत सहाण जवळ ओढली.